दूरच्या गावी घर केल्यावर येणारे पाहुणे : भेट कशाने रंगते?

लुईतकाठ

साताऱ्याहून पुण्याला राहायला गेलेल्या माणसाकडे पाहुणा येतो तो दवाखान्याचे काम, एखादे लग्न किंवा मुलाची परीक्षा अशा निमित्ताने. एक रात्र राहतो आणि सकाळच्या एसटीने परत जातो. गुवाहाटीला राहणाऱ्याकडे असे कोणी येत नाही. ‘या बाजूला आलो होतो, म्हटले डोकावून जावे’ हे वाक्य आमच्या दारात आजवर कोणी उच्चारलेले नाही, कारण या बाजूला सहज कोणी येतच नाही. मुंबईहून थेट विमानाने आले तर सुमारे तीन तास लागतात; परंतु लोकमान्य टिळक टर्मिनसवरून आगगाडीने निघालेला माणूस दोन रात्री गाडीत काढल्यावरच इथे उतरतो. त्यामुळे जो येतो तो वर्षभर बेत करून, रजा टाकून, निदान आठ-दहा दिवसांच्या तयारीने येतो, आणि एवढ्या लांब आलेल्या माणसाचा एकही दिवस वाया जाऊ नये या धास्तीने यजमानाची झोप उडते.

नोकरीनिमित्त आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. एवढ्या वर्षांत आई-वडील, सासूबाई, भाऊ-वहिनी, शाळेतले मित्र असे बरेच जण येऊन गेले. काही भेटी अजून आठवतात, काही नुसत्या दमवून गेल्या. हा फरक कशाने पडतो याविषयी माझे एक मत बनले आहे. पाहुण्याची त्या गावाशी स्वतःची ओळख झाली, तर भेट रंगते. सगळी ओळख यजमानामार्फतच होत राहिली, तर दोघेही थकतात.

काझीरंगा पाहावेच, याबद्दल वाद नाही. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ एकशिंगी गेंडे मोजले गेले, आणि कोहोरा किंवा बागोरीच्या बाजूने जीपने आत गेलेल्या माणसाला गेंडा दिसला नाही असे क्वचितच घडते. परंतु तिथे पोहोचायला चार-पाच तास लागतात. तिथून आल्यावर कामाख्या, मग शिलाँग, मग चेरापुंजी अशी धावपळ केली, की आठवडा संपतो. पाहुण्याच्या लक्षात गेंडा राहतो, आमचे घर राहत नाही.

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि पक्के शाकाहारी आहेत. आमचे घर उझान बाजाराजवळ आहे. तिथल्या घाटावर सकाळी ब्रह्मपुत्रेतले मासे येतात आणि काठावरच त्यांची विक्री सुरू होते. वडील पहाटे फिरायला जात. एके दिवशी ते त्या गर्दीत शिरले, आणि पुढे रोज तिथे जाऊ लागले. जन्मात मासा न खाल्लेला हा मनुष्य बोराली कोणता, चितळ कोणता, कोणत्या माशाचा भाव आज का चढला, हे घरी येऊन आम्हाला सांगू लागला. आमच्याच गावाच्या बातम्या आम्हाला त्यांच्याकडून कळत. तिथल्या चहावाल्याशी त्यांचे चांगले जमले. ते परत गेल्यावर तो मला ‘देउता परत कधी येणार?’ असे विचारतो. देउता म्हणजे इकडे वडील. त्यापूर्वी त्याचे माझ्याशी कधी बोलणेही झालेले नव्हते.

आईचे तसेच झाले, पण स्वयंपाकघरात. ते दोघे जानेवारीत आले होते. आपली संक्रांत आणि आसामचा भोगाली बिहू एकाच वेळी येतात. आदल्या रात्रीला इकडे उरुका म्हणतात, त्या रात्री जेवणावळी होतात आणि पहाटे मेजी, म्हणजे होळीसारखी रचलेली लाकडे, पेटवतात. शेजारच्या बायदेउंनी (थोरल्या बहिणीला इकडे असे म्हणतात) आईला तीळपिठा करायला बोलावून नेले. बोरा नावाचा चिकट तांदूळ भिजवून कुटायचा, ते दमट पीठ कोरड्या तव्यावर वाटीच्या बुडाने गोल पसरायचे, मधोमध काळे तीळ आणि गूळ यांची ओळ घालायची आणि पीठ तव्यावर असतानाच सुरीच्या टोकाने त्याची गुंडाळी करायची. पाणी नाही, तूप नाही, मळणेही नाही. आईच्या पहिल्या काही गुंडाळ्या मोडल्या. ‘पीठ न मळता चिकटते कसे?’ हे तिला कळेना. मग तिने मुठीत पीठ दाबून पाहिले, मूठ उघडल्यावर गोळा टिकतो एवढाच ओलावा लागतो हे ओळखले, आणि संध्याकाळपर्यंत डबा भरला. दुसऱ्या दिवशी बायदेउ आमच्याकडे गुळाची पोळी लाटायला आल्या. एकीची हिंदी सातारी आणि दुसरीची हिंदी आसामी. तरी दिवसभर बोलणे थांबले नाही. हे सगळे घडले तेव्हा आम्ही नवरा-बायको कचेरीत होतो, हे मुद्दाम सांगतो.

तुमच्याकडे काय घडते? विशेषतः जे परदेशी किंवा भारतातच फार लांब राहतात, त्यांनी लिहावे.

कृष्णाकाठची

तुमच्या आईंचे वाचून बरे वाटले. मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे येणाऱ्यांपैकी आहे. लेक न्यू जर्सीत असते आणि आम्ही सांगलीत.

पहिल्यांदा गेले ती तिच्या बाळंतपणाला. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, सगळे नीट बांधून नेले. पूर्ण सहा महिने राहिले, कारण तिथे उतरल्यावर बहुधा तेवढ्या मुदतीचा शिक्का मिळतो आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत असे आपल्याला वाटते. बाळाला न्हाऊमाखू घालण्यात दिवस कसे गेले कळले नाही. तक्रार अजिबात नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट लिहिते : ती भेट नव्हती, ती कामगिरी होती. आजकाल अनेक घरांत आई-वडिलांना बोलावले जाते ते पाळणाघर परवडत नाही म्हणून, आणि त्याला ‘तुम्ही इकडे आराम करायला या’ असे म्हटले जाते. बोलवावे, आम्ही येतोही; फक्त त्याला आराम म्हणू नये.

दुसऱ्यांदा गेले ती नुसती भेटायला. नात शाळेत जाऊ लागली होती. या वेळी दोनच महिने राहिले, आणि तेही शरद ऋतूत, झाडांचे रंग पालटतात तेव्हा. पहिल्या आठवड्यात माझे हाल झाले. लेक-जावई कामावर, नात शाळेत, आणि त्यांच्या वसाहतीत मोटारीशिवाय कुठे जायची सोय नाही. काही रस्त्यांना तर पायवाटही नाही. सांगलीत मी दिवसातून चार वेळा जिना उतरणारी बाई. मग नातीच्या शाळेतून कळले की, गावच्या सार्वजनिक वाचनालयात नवख्या लोकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. लेक मला सकाळी सोडू लागली. त्या वर्गात माझ्याच वयाची एक कोरियन बाई होती, आणि एक इक्वेडोरची. तिघींचे इंग्रजी सारखेच कच्चे, त्यामुळे कोणाला लाज वाटत नसे. कोरियन बाईने मला त्यांचे मुळ्याचे लोणचे आणून दिले, मी तिला लसणीची चटणी दिली. तिला ती फार तिखट वाटली नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

संध्याकाळी लेक घरी आली की माझ्याकडे सांगायला काहीतरी असे. पूर्वी तिच्या दिवसभराच्या हकिगतीची मी वाट पाहत बसे. तेव्हा तुमचे म्हणणे मला पटते, पण त्यात भर घालते : वाहनाची सोय यजमानालाच करावी लागते. पाहुण्याने स्वतः ओळख करून घ्यावी असे म्हणायचे आणि त्याला चार भिंतींत ठेवायचे, हे दोन्ही एका वेळी चालणार नाही.

हिमरेषा

मी स्टॉकहोममध्ये राहते. आमच्याकडे भेट कशी होणार हे माणसांपेक्षा सूर्य ठरवतो. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि तीन वाजायच्या आत मावळते. जूनच्या अखेरीस रात्री दहाला सूर्य मावळतो आणि साडेतीनला पुन्हा हजर होतो. सासऱ्यांना सूर्यास्ताच्या वेळी देवापाशी दिवा लावायची सवय आहे. जूनमध्ये त्यांना दिवा लावण्यासाठी रात्री दहापर्यंत जागावे लागले. शेवटी त्यांनी नाशिकच्या वेळेचे एक घड्याळ देवाजवळ ठेवले आणि तिथल्या सातला इथे दिवा लावू लागले. दुपारी साडेतीनला आमच्याकडे सांजवात होत असे, आणि त्याच वेळी नाशिकला जाऊबाईही लावत असत.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, शिवाय किमान ३० हजार युरोंचा आरोग्य विमा काढावाच लागतो. त्यामुळे सहा महिन्यांच्या मुक्कामाचा प्रश्न आमच्याकडे येत नाही. मला ही मर्यादा सोयीची वाटते, हे सासरच्या मंडळींपैकी कोणी इथे वाचत नसतील या भरवशावर लिहिते.

आमच्या इमारतीत कपडे धुण्याची खोली सर्वांची मिळून एक आहे. तिथे आगाऊ वेळ राखून ठेवावी लागते आणि आपली वेळ संपताच खोली झाडून मोकळी करून द्यावी लागते. सासूबाईंना सुरुवातीला हा अपमान वाटला : ‘स्वतःच्या घरात कपडे धुवायला चिठ्ठी?’ मात्र दुसऱ्या आठवड्यापासून ते काम त्यांनी आपणहून घेतले, आणि आम्हाला ज्या शेजारणीचे नावही ठाऊक नव्हते तिच्याशी त्यांची खुणांच्या भाषेत ओळख झाली. वेळ चुकवून दुसऱ्याच्या पाळीत घुसणाऱ्या एका गृहस्थांवर दोघींनी मिळून डोळे वटारले, असे मला नंतर कळले.

सर्वांत आनंदाचा काळ म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्ट, जेव्हा रानात ब्लूबेरी पिकतात. स्वीडनमध्ये रानातली फळे आणि अळंबी कोणीही तोडू शकतो, जमीन दुसऱ्याची असली तरी; घरांच्या आवाराजवळ जायचे नाही आणि नासधूस करायची नाही, एवढेच पथ्य. सासूबाई मूळच्या सुरगाण्याकडच्या, लहानपणी करवंदे तोडत हिंडलेल्या. इथल्या रानात त्या दोन तास वाकून फळे तोडत राहिल्या. मी अर्ध्या तासात बसले. त्या फळांचा मुरंबा त्यांनी वेलची घालून केला, आणि तो संपेपर्यंत माझ्या स्वीडिश सहकाऱ्यांनी माझी पाठ सोडली नाही.

रोखठोक

या धाग्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे दूर राहायला गेलेल्याकडे कोणी फारसे येत नाही. मी मूळचा नागपूरचा आणि राहतो पणजीला. नागपूरहून गोवा काही जवळ नाही, तरीही नाताळापासून नव्या वर्षापर्यंत आमच्याकडे जागा शिल्लक नसते. काही जण निघाल्यावर गाडीतून फोन करतात. एका वर्षी माझ्या मित्राच्या मेव्हण्याचा मित्र कुटुंबासह आला. त्याचे आडनाव मला तो परत गेल्यावर समजले. ही मंडळी सकाळी कळंगुटला जातात, रात्री येऊन झोपतात, आणि मधल्या वेळात विचारतात ते फक्त भाड्याच्या दुचाकीचा दर आणि टॉवेल कुठे आहे, एवढेच. त्यांची गावाशी ‘स्वतःची ओळख’ उत्तम झालेली असते, लुईतकाठ. ओळख होत नाही ती आमच्याशी.

यावर मी एक उपाय केला आहे. कोणी येऊ का असे विचारले की मी जुलैत यायला सांगतो. ज्याला समुद्रात डुंबायचे असते तो आपोआप गळतो, कारण पावसाळ्यात समुद्रात उतरण्याची सोय नसते. ज्याला आम्ही हवे असतो तो येतो. त्याच्यासाठी गोवा तेव्हाच खरा बघण्यासारखा असतो. मांडवी तुडुंब भरलेली असते, फेरीबोटीतून दिवाडी बेटावर गेले की दोन्ही बाजूंना हिरवी शेते लागतात, रस्त्यांवर पर्यटक जवळपास नसतात. जूनच्या २४ तारखेला सांजांव हा सण असतो. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून माणसे विहिरींत उड्या मारतात. माझे काका वयाच्या साठीत हे पाहायला आले आणि पाहता पाहता स्वतःच विहिरीत गेले. काकूंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

चवथीला आलेल्या पाहुण्यांबद्दल वेगळे लिहायला नको. गणपतीवर बांधलेल्या माटोळीतली रानफळे ओळखण्यात माझ्या आईचा पूर्ण दिवस गेला. विदर्भात ही पद्धत नाही, त्यामुळे अर्ध्या फळांची नावे तिने शेजाऱ्यांकडून लिहून घेतली.

सिंधूपल्याड

मी लेहमध्ये राहतो. धागालेखकाशी माझा थोडा मतभेद आहे आणि तो आमच्या गावाच्या उंचीतून आला आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच आहे. मुंबई-पुण्याहून विमानाने इथे उतरलेल्या माणसाने पहिले दोन दिवस घरी पडून राहायचे असते. हवा विरळ असल्याने डोके दुखते, भूक मरते, जिना चढताना धाप लागते. आल्या दिवशी उत्साहाने बाहेर पडलेले लोक रात्री दवाखान्यात नेलेले मी पाहिले आहेत. ‘खारदुंग ला’ ही खिंड तर ५,३५९ मीटरवर आहे. तिथे जायचे ते चार-पाच दिवस अंग रुळल्यावर. त्यामुळे आमच्याकडे पाहुणा आला की पहिले दोन दिवस त्याला काहीही दाखवता येत नाही. त्याने पाणी प्यायचे, सूप प्यायचे, खिडकीजवळ आडवे पडायचे आणि बोलायचे.

माझा अनुभव असा की, पुढच्या आठ दिवसांत जे होत नाही ते या दोन दिवसांत होते. माझा थोरला भाऊ आणि मी वडिलांच्या पश्चात शेतीच्या वाटणीवरून एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. पुण्यात भेटलो की कोणीतरी तिसरे माणूस असे, कोणालातरी कुठे जायचे असे. इथे त्याला उठताही येईना आणि मला त्याला सोडून जाता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आपणहून विषय काढला. वाद झाला, पण धाप लागत असल्यामुळे त्याला आवाज चढवता आला नाही, आणि तो चढवत नाही म्हणून मीही चढवला नाही. दोन तासांत वाटणी मिटली.

म्हणून मला वाटते की पाहुणा गावाशी ओळख करून घ्यायला येत नाही, तो तुमच्याजवळ बसायला येतो. तुमच्या आई-वडिलांना बायदेउ आणि चहावाला भेटले हे छान झाले. पण तुम्ही कचेरीत होतात, हे कौतुकाने सांगण्यासारखे आहे का? एवढ्या लांब येऊन त्यांना तुमचा सहवास किती मिळाला?

कृष्णाकाठची

सिंधूपल्याड, तुमचे म्हणणे भावांच्या बाबतीत खरे असेल. आई-वडिलांच्या बाबतीत मला तसे वाटत नाही. मूल सतत समोर बसून ‘काही हवे का?’ असे विचारू लागले, की आपण आजारी आहोत असे वाटू लागते.

लुईतकाठ

सर्वांनी मनापासून लिहिले, आभारी आहे.

सिंधूपल्याड यांचा आक्षेप महत्त्वाचा आहे. सहवास हवाच. पण सहवासाला विषय लागतो, आणि बऱ्याच वर्षांच्या अंतराने भेटलेल्या माणसांकडे तो पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच संपतो. नातेवाइकांची ख्यालीखुशाली, कोणाचे लग्न जमले, कोणाचे ऑपरेशन झाले, एवढे सांगून झाले की दोघेही दूरचित्रवाणीकडे पाहू लागतात. वडील माशांच्या बाजारातून काही घेऊन येत ते हेच : रात्रीच्या जेवणाला बोलण्याचा विषय. रजा काढून मी दिवसभर त्यांच्या मागे फिरलो असतो, तर जे त्यांनी पाहिले तेच मीही पाहिले असते, आणि रात्री सांगण्यासारखे काही उरले नसते. भावाभावांत बोलायचे राहून गेलेले काही असेल, तर मात्र लेहसारखे गाव नाही, हे मान्य.

रोखठोक यांचा जुलैचा उपाय इथे उलटा पडेल. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा पाहण्यासारखी असते हे खरे, पण काझीरंगा बंद असते आणि पुराने रस्ता कधी तुटेल सांगता येत नाही.

आसामात पाहुण्याचे स्वागत करण्याची रीत आहे, ती आम्ही उचलली आहे. आलेल्यापुढे पितळी किंवा काशाच्या तबकात तामूल-पाण, म्हणजे कच्ची सुपारी आणि विड्याचे पान ठेवतात, आणि गळ्यात गामोसा घालतात : पांढरे सुती वस्त्र, लाल विणीच्या काठांचे. गामोसा घ्यावा, तामूल मात्र नवख्याने बेताने खावे. आमच्या एका मामांनी, पानाचे शौकीन असल्यामुळे, पूर्ण फोड एकदम तोंडात टाकली आणि ऐन थंडीत कान लाल होऊन त्यांना दरदरून घाम फुटला. बसलेल्या सगळ्यांना याची सवय असल्याने कोणी घाबरले नाही, एकट्या मामींखेरीज.

मुठेकाठी

धागा आवडला. मी लुईतकाठ यांच्या बायकोचा मामेभाऊ आहे, आणि याच हिवाळ्यात वडिलांना घेऊन गुवाहाटीला यायचे आमचे ठरते आहे. हे त्यांना फोनवर विचारता आले असते, पण उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथेच विचारतो. वडील पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, गुडघे दुखतात, देवदर्शनाची फारशी आवड नाही. इतिहासाचे वेड मात्र जबर आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला लाचित बोरफुकन यांच्या नावाचे सुवर्णपदक देतात, हे कळल्यापासून ‘हा लाचित कोण?’ म्हणून त्यांनी आमचे डोके खाल्ले आहे. त्यांना काय दाखवावे आणि केव्हा यावे?

लुईतकाठ

मामांना खास आमंत्रण. त्यांच्यासाठी गुवाहाटीइतके योग्य गाव दुसरे नाही, कारण इथल्या इतिहासातला एक धागा थेट महाराजांपर्यंत जातो. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा त्यांची जबाबदारी ज्याच्यावर होती, तो मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह बादशहाच्या मर्जीतून उतरला. पुढे त्यालाच औरंगजेबाने आसामच्या आहोम राजांवर धाडले, आणि १६७१ मध्ये सराईघाटापाशी, म्हणजे आमच्या घरावरून वाहणाऱ्या याच नदीत, आहोमांचा सेनापती लाचित बोरफुकन याने त्याचे आरमार मोडले. लाचित तेव्हा आजारी होता, आणि पुढच्याच वर्षी वारला. एवढे मी लिहिले आहे. बाकीचे मामांनी वाचून यावे आणि मला सांगावे.

कुठे न्यायचे ते असे. नदीकाठाला लाचितचा पुतळा आहे, तिथे गाडी जवळ जाते. नदीवर २०२० साली रज्जुमार्ग सुरू झाला. पावणेदोन किलोमीटरच्या सुमाराचा तो प्रवास बसल्या जागी होतो, चढायचे काही नाही, आणि वरून पात्राची रुंदी पाहिली की आरमाराची लढाई इथे का झाली हे न सांगता कळते. चार दिवस हाताशी असतील तर काझीरंग्यावरून पुढे जोरहाटला जावे. तिथे होल्लोंगापारला लाचितच्या समाधीस्थळी २०२४ मध्ये १२५ फुटी पुतळा उभारला गेला, आणि त्याचे शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यात जन्मलेले राम सुतार. तेवढा प्रवास झेपणार नसेल तर काझीरंगा सोडून द्यावे. गेंडे गुवाहाटीजवळ पोबितोराच्या अभयारण्यातही आहेत, सकाळी जाऊन जेवायला घरी येता येते. मेघालयातल्या नोंग्रियाटच्या दुमजली मुळांच्या पुलाचा बेत मात्र मामांच्या बाबतीत मनातही आणू नका. उतरायला हजारोंनी पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढाव्या लागतात. शिलाँगला जाऊन वाटेत उमियामच्या तलावाकाठी बसावे, ते पुरे.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. थंडी बोचरी असते, घरात हीटर आहे. साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा फिरण्याचा कार्यक्रम सकाळी लवकर ठेवू. जूनच्या उत्तरार्धात येऊ नये : अंबुबाचीच्या यात्रेत कामाख्येचे मंदिर तीन दिवस बंद असते, आणि शहरात पाय ठेवायला जागा नसते.

घराच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दुकानात बसून लढाया ऐकायला आवडतात. त्याला थोडी हिंदी येते, मामांना पुष्कळ येते. मामींसाठी शुआलकुचीला मागांवर मुगा रेशीम विणताना पाहण्याचा एक दिवस वेगळा काढला आहे; तिथे त्यांना खरेदीची घाई करू नये, हे मामांना तुम्हीच आधी समजावून सांगा.

तिकिटे काढली की कळवा. येताना कोकम आणि मेतकूट आणावे. कढीपत्ता आणू नये, तो अंगणात आहे.